ती नळी सैल नव्हती

मंदा गेल्याचा मनोहररावांचा, तिच्या यजमानांचा, फोन आला तेव्हा मी फक्त "अरेरे" म्हणालो. मी तिला जे सांगायला हवं होतं ते बारा वर्षं राहून गेलं होतं... ते आज इथे लिहितो.

दिल्लीतल्या प्रयोगशाळेत ती माझ्या हाताखाली होती. सांडपाण्यातले जिवाणू घाण खातात आणि थोडी वीज देतात; त्या विजेवर शेजारच्या भांड्यातले दुसरे जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून व्हिनेगरमधलं आम्ल बनवतात. हे तिचं काम. सरोजिनी नगरहून निघताना वाटेतल्या नाल्याचं पाणी ती कॅनमध्ये भरून आणायची. रिक्षावाले नाक दाबून नाही म्हणायचे. "पोरांचा डबा आहे सर, रिक्षावाल्यांना काय कळणार," म्हणून हसायची; जिवाणूंना ती पोरंच म्हणायची. सात महिन्यांनी आम्लाचा पहिला अंश सापडला, त्या दिवशी तिने शिपायापासून सगळ्यांना कलाकंद वाटला.

मग आईच्या आजारपणासाठी ती नागपूरला गेली. जिवाणूंना रोज सांडपाणी घालायचं काम माझ्यावर सोपवलं, दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. त्याच आठवड्यात वरून पाहणीसाठी समिती यायची होती आणि खोलीला वास मारत होता. मी भांडी रिकामी करून फिनाईलने धुवून घेतली, ताजं सांडपाणी भरून ठेवलं. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. सात महिने जपलेला जिवाणूंचा थर एका सकाळीत मेला.

ती परतली तर मीटर शून्यावर. तीन दिवस भांड्यापाशी बसून होती. शेवटी म्हणाली, "सर, जाताना भांड्याची नळी मीच सैल ठेवली असेल. हवा शिरली आत, त्यानेच मेले."

मी म्हणालो, "होतं असं."

प्रकल्प बंद झाला. अहवालात कारण म्हणून तिची चूक लिहिली गेली, खाली सही माझी. तिला फायलींच्या विभागात बसवलं. मी मानाने निवृत्त झालो.

परवा गुरुग्रामला मंदाच्या घरी गेलो. मनोहररावांनी बाल्कनीतून एक काचेची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. दोन तारा, छोटा मीटर. नोकरी सुटल्यावर तिने घरीच पुन्हा सुरू केलं होतं.

"मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच न्या. ती तुम्हाला फार मानायची."

तेव्हा मी सगळं सांगितलं, फिनाईलसकट.

"शेवटपर्यंत त्या नळीचंच बोलायची," ते म्हणाले. मग बरणी हळूच स्वतःकडे सरकवून घेतली.

"राहू दे. मी शिकून घेईन."