गंगूच्या हाताचा दोष

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना नाही, देवापुढं पण तोंड उघडलं नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत, म्हणून लिहायला वेळ लागतो — का दुसऱ्याच कशानं लागतो? असू दे.

कानडी मुलखात, चिकपेट बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिंप्याचं दुकान, त्यामागं दोन खोल्या. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शेजारी एक जण खंजिऱ्या मढवायचा. खंजिरीला घोरपडीचं कातडं लागतं. एकदा त्याच्या पोत्यात एक घोरपड जिवंत निघाली, पाय बांधलेले, शेपटीला जखम. चार माणसं उभी होती. मी म्हटलं, "दे इकडं. आठ दिवसांत माणसाळवून दाखवतो." दया आली होती का? आली असेल थोडी. पण बघायला चार माणसं होती.

आठ दिवसांत ती मला तीनदा चावली. शेपटी चाबकासारखी मारायची. मी हाताला पोतं गुंडाळून मानगूट धरायचो, ती आणखी फुगायची, फुत्कारायची. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही.

गंगू माझी बायको. तिनं आपलं एक जुनं लुगडं घोरपडीच्या पेटीत टाकलं आणि रोज दुपारी शेजारी काजं करत बसायला लागली. हात लावायचा नाही, नुसतं बसायचं, हळू आवाजात काहीबाही बोलायचं. दीडेक महिन्यानं घोरपड जीभ लपलपवत तिच्या मांडीवर चढली — आणि झोपली.

लोक बघायला यायला लागले. खंजिरीवाला म्हणाला, "अण्णा, ही तर अक्काची झाली की! तुम्ही स्वल्प लांबच बसा." गंगू हसली. "ह्यांचं मापच चुकलं हो," म्हणाली. माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

मला काय झालं, कसं सांगू? जिवाला नुसती आग. एका सरपटणाऱ्या जनावरावर जळत होतो मी! लग्नाला चार वर्षं झाली होती, माझ्याशी ती कधी त्या आवाजात बोलली नव्हती. मी तिला तशी सवड दिली होती का — हे तेव्हा मनात आलंच नाही.

शुक्रवारी ती बनशंकरीच्या देवीला जायची. तेव्हा ते गावाबाहेर, अर्धा दिवस मोडायचा. ती गेली की मी दुकानाचं दार ओढून घ्यायचो. तिचं लुगडं हाताला गुंडाळायचो — तेच, ज्याच्या वासाची त्या मुक्या जिवाला ओळख झाली होती — आणि लोखंडी गजानं घोरपडीला टोचायचो. शेपटीवरच्या जुन्या जखमेवर. चार शुक्रवार.

पाचव्या आठवड्यात गंगूनं नेहमीसारखा पेटीत हात घातला. घोरपडीनं अंगठ्याच्या बुडाशी धरलं ते सोडेना. ती किंचाळली नाही, नुसती "अगं, मी आहे, मी आहे" म्हणत राहिली. जबडा मीच उचकटला. तो अंगठा परत कधी वळला नाही. काजं करणं सुटलं.

खंजिरीवाला मागायला आला तर म्हणाली, "त्याला देऊ नका, तिचा काय दोष?" मी बनशंकरीपलीकडच्या माळावर सोडून आलो. खरंच सोडली, त्यात खोटं नाही.

त्या संध्याकाळी हाताला फडकं बांधलेलं, आणि तिनं विचारलं, "अहो, माझं काय चुकलं असेल?"

मी म्हटलं, "तुझ्या हातालाच गुण नाही."

तिनं ते खरं धरलं. त्यानंतर गल्लीतलं वासरू कुरवाळलं नाही. आमची पोरं झाली, त्यांना पहिली आंघोळ दुसऱ्या बायकांनी घातली. कुणी तान्हं मूल पुढं केलं की मागं सरायची. "नको बाई, माझ्या हाताला गुण नाही." मी कातर चालवत ऐकायचो.

शेवटच्या आजारात एका दुपारी तिनं परत विचारलं, "त्या घोरपडीचं मी काय वाईट केलं होतं हो?" खोलीत आम्ही दोघंच. जळणं केव्हाच विझलं होतं. हसायला कुणी नव्हतं, हरायला काही नव्हतं.

मी म्हटलं, "तुझ्या हातालाच गुण नव्हता."

तिनं मान हलवली. "सरी, बरं," म्हणाली, आणि हात पांघरुणाखाली ओढून घेतला.