मामाच्या बांधावरचा वीर

दगडांबद्दल लिहिणं हे जाणत्यांचं काम, आणि मी जाणता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अजूनही लिहायला बसलो की कुणीतरी मागून येऊन वही ओढून घेईल, असं वाटतं. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो. पण या एका दगडाबद्दल दुसरं कुणी लिहील, असं मला वाटत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. वडील नारपोलीत कापडाचे लूम चालवायचे. इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितलं, आपापल्या भागातले पाहण्याजोगे दगड शोधा. लेणी, शिळा, खडक, काहीही चालेल. चांगला लेख वार्षिक अंकात छापू. बहुतेकांनी लोनाडच्या लेण्यांवर एकाच पुस्तकातून उतरवून काढलं. मी एसटीने गणेशपुरीकडे गेलो आणि नदीच्या काळ्या खडकात पाण्याने कोरलेले रांजण पाहिले. एकात खांद्यापर्यंत हात घातला तर तळाशी गुळगुळीत गोटे लागले. अजूनही सांगतो, कुणीही जाऊन पाहावेत असे ते आहेत. पण लिहायचं ठरवलं ते मामाच्या दगडावर.

वडप्याजवळ मामाची भातशेती होती. बांधावर कमरेइतका उंच कोरीव दगड उभा होता. खाली तलवार घेऊन लढणारा माणूस, मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. लढाईत पडलेल्या कुणाची तरी ही खूण. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात त्याला नुसतं ‘वीर’ म्हणत. पेरणीआधी मामा त्याच्यापुढे नारळ फोडायचा.

मी टेप आणि वही घेऊन गेलो. कोरीव काम झिजलं होतं, म्हणून मामीने तांदळाचं पीठ दिलं. ते चोळल्यावर एकेक आकृती उठून दिसायला लागली. मामा वाकून बघत होता.

“आयला, याला मिशी हाय!” तो ओरडला. “पन्नास वर्सं नारल फोडतंय, आन् मिशी आज दिसली!”

मामी म्हणाली, “तुमाला माजं तोंड तरी कुटं दिसलं अजून?”

आम्ही हसत होतो तेवढ्यात जमिनीचा दलाल मोटारसायकलवरून आला. हायवेपासून गोदामं आत आत सरकत होती. मामाच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत मातीचा भराव पडला होता, पाण्याला वाट उरली नव्हती आणि दोन वर्षं त्याचं भात उभ्या उभ्या कुजलं होतं. शेत विकण्याचं बोलणं चालू होतं.

“काय भाचे, मोजणीवाले झालात का?” दलालाने विचारलं.

“लेख लिहितोय. छापून येणार आहे,” मी म्हणालो. आणि उगाच पुढे जोडलं, “सर पुरातत्त्व खात्यालाही कळवणार आहेत.”

सर असं काही म्हणाले नव्हते. मला फक्त मोठं वाटून घ्यायचं होतं.

दलालाचं हसू गेलं. “मंग झालंच की. खात्याची पाटी लागली, का इथं खिला ठोकता येनार न्हाय, मामा.”

“पोरगं शिकतंय, लिवू दे,” मामा म्हणाला. मी सर्व्हे नंबर विचारला. तो त्याने दिला, पण जरा थांबून. घरी परतताना मला आनंदच झाला होता. मला वाटलं, माझ्यामुळे दगडही वाचेल आणि शेतही.

महिनाभराने मित्राचा कॅमेरा मागून पुन्हा गेलो, तर बांधावर नुसता खड्डा होता.

“चोरीला गेला,” मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. “मूर्तीचोर फिरतात ना हल्ली.”

मी विश्वास ठेवला. लेखाच्या शेवटी मूर्तीचोरांवर खूप रागाने लिहिलं. लेख छापून आला आणि मी अंक घेऊन मामाकडे गेलो. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवला. ‘असल्या नीच माणसांना आपले पूर्वज क्षमा करणार नाहीत’ या वाक्याला तो उठला आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. बराच वेळ आला नाही. मला राग आला, याला माझ्या लेखाचं काहीच नाही म्हणून.

त्यानंतर मामाचं आमच्याकडे येणं कमी झालं. शेतावर गोदाम उभं राहिलं. दोन वर्षांनी मामी आईला भेटायला आली होती. बोलता बोलता मी दगडाच्या चोरांचा विषय काढला. मामीने चहाचा कप खाली ठेवला.

“चोर कुटला रं बाला. तुजी वही बगल्यापासून दलाल रोज दारात. दगड हाय तवर सौदा न्हाय, बोलला. मंग तुज्या मामानं सकाली नारल फोडला, कुंकू लावला, आन् सोताच्या हातानं उपटला. गोदामाच्या पायात हाय तो. पालता. मी तुला तवाच सांगनार होते, तू वाचून दावलास ना, तवाच. तर हा मला बोलला, पोराचं पयलंच छापून आलंय, ऱ्हाऊ दे.”