चाळीस तारा

कुठलीही वायर हातात आली की मामा आधी तिचं टोक दाताखाली धरून सोलत. आतल्या तांब्याच्या बारीक तारा डाव्या तळहातावर पसरवत आणि नखानं एकेक बाजूला सारत मोजत. पुऱ्या भरल्या तर म्हणत, "बराबर." कमी भरल्या तर, "ह्यो दुकानदार आपल्याला येडं समजून राह्यला."

जालन्याला बियाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, नव्वद सालाच्या आगेमागे. मामा तिथे वायरमन. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. बारा वर्षं रोजंदारीवर होते. असा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. सगळं त्याच्यावर चालतं आणि दिवाळीच्या फोटोत तो कधी नसतो.

बियाणं निवडणाऱ्या बाया त्यांची टिंगल करायच्या. एकदा एकीनं विचारलं, "मामा, लग्नात मामीच्या मंगळसूत्राचे मणीबी मोजल्ते का?"

"मोजल्ते," मामा म्हणाले. "दोन कमी भरल्ते. मंग सोनाराच्या घरी जाऊन आलो."

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा मात्र हसले नाहीत. ते खरंच गेले असणार.

मामीला दम्याचा जुना त्रास होता. मामांना पर्मनंट व्हायचं होतं ते तेवढ्यासाठीच. पर्मनंट कामगाराला दवाखान्याचं कार्ड मिळायचं. "कार्ड भेटलं की हिला मोठ्या डाक्टरला दाखवतो," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. मालकांनी त्या वर्षी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की हा हंगाम नीट पार पडू द्या, मामांचं काम पक्कं.

त्याच हंगामात पाकिटं भरायचं नवं मशीन आलं. पाकिटाचा छापील कागद ओढायला त्यात स्टेपर मोटर होती. आम्हा शिकलेल्यांना तिचं फक्त नाव पाठ. मामा दोन दिवस तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी मला समजावून सांगायला लागले.

"ही पंख्यावानी गरगर फिरत न्हाई साहेब. पावलं मोजून टाकती. इतकी पावलं झाली की एक पाकीट. करंट कमी पडला की हिचं पाऊल चुकतं. मंग आपन कुठं हावोत, हे तिलाच कळत न्हाई."

बियाण्याला लावायच्या औषधाची लाल पूड सगळीकडे उडायची. ती कंट्रोल पॅनलमध्ये जाते म्हणून मालकांनी पॅनल चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये हलवायला सांगितलं. मशीनबरोबर आलेली केबल होती दहा फुटांची.

"लांबी चौपट झाली," मामा म्हणाले. "एवढ्याच जाडीची वायर टाकली तर करंट वाटंतच दमन. चाळीस-शहात्तर आना." म्हणजे आत चाळीस तारा असलेली वायर. मी निघालो तसं मागून ओरडले, "अन् मोजून आना!"

मे महिना होता. दुकानात ही गर्दी. चाळीस तारांची वायर संपली होती. दुकानदारानं दुसरं बंडल पुढे टाकलं. "हेच न्या, जाडी बघा की, सारखीच आहे." वरून खरंच सारखी दिसत होती. प्लास्टिकचं आवरण जाड होतं, एवढंच. मी टोक सोललं नाही. बी.कॉम. झालेला माणूस, भर बाजारात दातानं वायर सोलत उभा राहू? लाज वाटली मला. खरं कारण एवढंच, दुसरं काही नाही.

परत आलो तेव्हा मामा शिडीवर होते आणि खाली मालक घड्याळ बघत उभे होते. मी बंडल वर दिलं.

"मोजली न्हं, साहेब?"

"मोजली."

"किती?"

"चाळीस."

"मंग बराबर," असं म्हणून त्यांनी जोडायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मामांनी न मोजता जोडलेली ही पहिली वायर.

त्या संध्याकाळी मशीन हळू चालवून पाहिलं, ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी पूर्ण वेगात सोडलं आणि कागद कापायची जागा सरकायला लागली. दर पाकिटाला थोडी थोडी. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी पाहतो तर कपाशीच्या पाकिटांचा ढीग, वाणाचं अर्धं नाव एका पाकिटावर आणि अर्धं दुसऱ्यावर. सगळा माल फोडावा लागला. पाऊस तोंडावर, बाहेर बियाणं न्यायला आलेल्या दुकानदारांच्या जीपगाड्या उभ्या.

मामांनी केबल काढली. टोक सोललं. तळहातावर तारा पसरून मोजल्या. तेवीस. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं हो! शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मालकांनी दोघांना बोलावलं. "वायर कोणी जोडली?"

"मी जोडली," मामा म्हणाले.

मालक माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही कोणती आणली?"

"मामांनी सांगितली तीच आणली, साहेब."

मामा शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले असते तर माझी नोकरी गेली असती. ते खाली बघून एवढंच म्हणाले, "जोडनाऱ्यानं मोजायची असती. माझी चूक हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. दिवाळीला मला बढती मिळाली. मी पेढे वाटले. वाटले, खरंच वाटले.

पाच-सहा वर्षांनी कळलं की मामा वाटूर फाट्यावर पत्र्याच्या टपरीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. माझी घरची बोअरची मोटर चांगली चालत होती. तरी नवीन वायरचं बंडल घेऊन, ती जोडायची आहे असं निमित्त करून गेलो.

त्यांनी ओळखलं. स्टूल पुढे सरकवलं. "बसा साहेब. च्या घ्यान?"

"मामी कशा आहेत?"

"न्हाई राह्यली. तिसरं वरीस हाय."

वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एवढंच म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी मोजली नव्हती."

"मला जोडतानाच कळल्तं," ते शांतपणे म्हणाले. "हाताला पातळ लागली व्हती. पन तुम्ही आकडा सांगितल्ता. सांगनारा मानूस खोटा आकडा कशाला सांगन, असं वाटलं."

त्यांनी माझं बंडल घेतलं, दातानं टोक सोललं, तारा तळहातावर पसरल्या. डोळे अधू झाले होते. तळहात डोळ्यांशी नेऊनही नख चुकत होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

मी हात पुढे केला. "द्या मामा, मी मोजतो."

त्यांनी तळहात माझ्यापासून बाजूला घेतला. रागानं नाही. गरम भांड्याजवळून लेकराचा हात सारावा तसा.

"ऱ्हाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "तुम्ही न्हाई." आणि उजेडाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून, ते पुन्हा एकपासून मोजायला लागले.