कोणत्या सिनेमातलं?

पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत कस्तुराबाई ओव्हाळ बाटल्या धुण्याच्या खात्यात कामाला होती. मशीनचा खडखडाट एवढा, की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. पण कस्तुराबाईनं गळा सोडला की पार पॅकिंगच्या बायकांपर्यंत ऐकू जाई.

ती मूळची चाकणजवळच्या खेड्यातली. तिची आई सोजरबाई उन्हाळ्यात विहिरीच्या कडेला ओंजळ पसरून बसायची. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतायचं, नाही आलं तर आई रिकामी घरी यायची. बौद्ध झाल्यावर कस्तुराबाईनं त्यावर गाणं बांधलं:

वरून वतलेलं पाणी पेली माझी आई गं,
आता तळ्याच्या काठाला मीच उभी ऱ्हाई गं.

चाल संथ, जात्यावरच्या ओवीसारखी. ढोलकीची थाप फक्त ओळीच्या शेवटी पडायची. ढोलकीवर तिचा धाकटा दीर विलास असे. पिंपरीपासून दिघीपर्यंतच्या वस्त्यांत भीमजयंतीला हे गाणं झाल्याशिवाय माणसं उठत नसत. बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या.

पंचाहत्तर साली धम्म मंडळाचं एक शिष्टमंडळ वैशाख पौर्णिमेसाठी सिलोनला निघालं. देशाचं नाव तोवर श्रीलंका झालं होतं, पण वस्तीत सगळे सिलोनच म्हणत, रेडिओमुळे. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब. वस्तीतले पहिले पदवीधर, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी कस्तुराबाईला आणि विलासला बरोबर घेतलं. कस्तुराबाईचा नवरा खंडू फौंड्रीतल्या सगळ्यांना सांगत सुटला, “आमची मंडळी बुद्धाच्या मुलखात गाणार हाय.”

रामेश्वरला बोटीची वाट बघत असताना अण्णासाहेबांनी तिला बाजूला बोलावलं.

“कस्तुराबाई, तिथं फक्त पाली गाथा म्हणायच्या. ढोलकी बाहेर काढायची नाही.”

“आन माझं गानं?”

“ते आपल्या वस्तीत ठीक आहे. ती माणसं दोन हजार वर्षांची बौद्ध. त्यांना वाटेल, आपण तमाशातून उठून आलोय.”

कस्तुराबाईच्या कानशिलाची शीर उडायला लागली. तिच्या मावशीनं तमाशात नाचून चार लेकरं वाढवली होती. तो शब्द कुणी शिवीसारखा वापरला की तिला खपत नसे. पण परमुलखात तमाशा नको, म्हणून तिनं दात आवळले. बोटीत सगळ्यांना उलट्या झाल्या, तिला झाली नाही. रागानं पोट बांधून ठेवलं होतं.

समुद्रकाठच्या एका लहान गावात शाळेच्या दालनात कार्यक्रम होता. पुढं पिवळ्या चिवरातले भन्ते, मागं गावकरी. कस्तुराबाईनं गाथा सुरू केल्या आणि सगळं दालन तिच्याबरोबर म्हणायला लागलं. भाषा परकी, पण त्या ओळी दोघांच्याही. शेवटी “साधू, साधू, साधू” असा गजर झाला. तिला भरून आलं. आपला राग वायफळ होता की काय, असंही क्षणभर वाटलं.

मग भन्ते उठून गेले. मागची तरणी पोरं पुढं सरकली आणि कसला तरी एकच गलका करायला लागली. दुभाषा होता एक दुकानदार. तो पूर्वी मुंबईत राहिलेला, त्याला हिंदी यायचं. तो म्हणाला, “हिंदी सिनेमाचं गाणं मागतायत. इंडियाचे गाणारे आलेत म्हटल्यावर तेच पाहिजे. रोज रेडिओवर ऐकतात ना!”

अण्णासाहेब हसले. “म्हणा एखादं. यजमानांचं मन मोडू नये. विलास, काढ रे ढोलकी.”

कस्तुराबाईनं विचारलं, “आता चालंल व्हय ढोलकी?”

“वेळ बघून वागावं लागतं, बाई.”

“सिनेमाचं चालतंय, आन माझं न्हाई?”

अण्णासाहेबांनी विलासला हातानं खुणावलं. विलासनं ढोलकी मांडीवर घेतली आणि सिनेमाचा उडता ठेका धरला. कस्तुराबाई उभी राहिली. डोळे मिटले आणि तिनं आपलंच गाणं उचललं, “वरून वतलेलं पाणी...”

विलास ठेका बदलील, असं तिला वाटलं होतं. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा अण्णासाहेबांकडं. तिच्याच कंपनीत तो टेम्पररी होता आणि पर्मनंट करण्यासाठी अण्णासाहेबांनी शब्द टाकायचा होता. त्यानं मान खाली घातली आणि तोच ठेका वाजवत राहिला. कस्तुराबाईनं हातानं ‘हळू, हळू’ खुणावलं. ठेका हळू होईना. मग गाण्यालाच त्याच्यामागं फरपटत जावं लागलं. शब्द एकमेकांवर आपटायला लागले. पोरांनी टाळ्या धरल्या, शिट्ट्या मारल्या. ‘माझी आई गं’ आलं तेव्हा दोघं-चौघं कंबर हलवून नाचत होती.

गाणं संपलं. एक गोल तोंडाचा पोरगा घामाघूम होऊन पुढं आला आणि हात जोडून काहीतरी बोलला.

दुभाषा म्हणाला, “विचारतोय, हे कोणत्या सिनेमातलं?”

“सिनेमातलं न्हाई म्हनावं! माझ्या आईचं हाय. तिला पानी देत नव्हते, त्याचं हाय. सांग त्याला!”

दुभाषा दोन शब्द बोलला. पोरगा खूश होऊन मान डोलवत निघून गेला.

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, नवीन सिनेमा आहे, अजून इकडं आला नाही. जाऊ द्या बाई, त्याला एवढं कुठं समजणार?”

येताना सगळ्या वाटेत ती विलासशी एक शब्द बोलली नाही.

पिंपरीत सत्कार ठेवला होता. हार झाले. अण्णासाहेब माइकवर म्हणाले, “आपल्या कस्तुराबाईंच्या गीतानं सिलोन डोललं!”

कस्तुराबाई खुर्चीवरून ताडकन उठली. “डोललं न्हाई. नाचलं! ह्यांनी माझी ढोलकी बांधून ठेवली, आन सिनेमासाठी सोडली. आपल्याच मानसाला आपल्या गान्याची लाज वाटती, तर त्या पोरांनी काय करावं? त्यांना मी काय बोल लावू?”

“बाई, खाली बसा,” अण्णासाहेब म्हणाले.

“न्हाई बसत. आमी तमाशातलं का असंना, पन उसनं न्हाई.” तिनं गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि सभेतून निघून गेली.

घरी खंडूनं कपाळाला हात लावला. “अगं, ईलासचं काम त्यांच्या हातात हाय. थोडं गिळायचं व्हतं.”

“लई गिळलं,” ती म्हणाली.

पुढच्या जयंतीला मंडळानं तिला बोलावलं नाही. विलासला बोलावलं. तो पर्मनंट झाला, त्यानं स्वतःची गायन पार्टी काढली, बेंजो घेतला. त्याच उडत्या ठेक्यावर तिचं गाणं बसवलं आणि ‘सिलोन गाजवलेलं गीत’ म्हणून भोंग्यावर वाजवायला लागला. पोरांनी ते डोक्यावर घेतलं. कंपनीतल्या नव्या पोरीसुद्धा तेच गुणगुणायच्या. कस्तुराबाई बाटली आपटून म्हणायची, “बंद करा ते.”

ऐंशी सालच्या जयंतीला विलासचा ट्रक चौकात आला तेव्हा ती आडवी उभी राहिली. ट्रक थांबताच वर चढली आणि माइकची वायर उपटली.

“वैनी, काय करती?” विलास ओरडला. “तुझ्या चालीत कुनी ऐकलं असतं का? परक्या मुलखात पोरं नाचली, हितं नाचत्यात. गानं जगलं की!”

“आई तहानेनं मरत व्हती, त्याच्यावर शिट्ट्या मारत्यात आन तू म्हनतो जगलं? लोकांना आवडतं म्हनून आईला नाचवू व्हय मी?”

खाली पोरांनी हुर्यो उडवली. कुणी तरी ओरडलं, “ए मावशे, उतर खाली!” तिनं तशीच, माइकशिवाय, संथ चालीत सुरुवात केली. पुढच्या माणसांना ऐकू गेलं, त्यांनी नाचणं थांबवलं. मागच्यांना काहीच कळेना. दुसऱ्या ओळीला मागून आलेल्या दुसऱ्या पार्टीच्या ट्रकवरचा बेंजो सुरू झाला आणि तिचा आवाज त्यात बुडाला. तिच्या खात्यातल्या जाईबाईनं तिला हाताला धरून खाली उतरवलं.

तेव्हापासून कस्तुराबाई जयंतीला आपल्या खोलीपुढं सतरंजी टाकून गायची. ऐकायला येतील ती वीस-पंचवीस माणसं. एखाद्यानं टाळी धरली की ती ओळीच्या मध्येच थांबायची आणि तो हात खाली करीपर्यंत त्याच्याकडं बघत राहायची. खंडू म्हणायचा, “आता तरी डोकं थंड कर.” ती म्हणायची, “डोकं थंड झालं की गळा बी थंड हुईल.”

एका वर्षी विलास येऊन मागं अंधारात उभा राहिला. तिनं त्याला ओळखलं. गाणं थांबलं, सगळ्यांनी वळून बघितलं.

“रिकाम्या हातानं आलायस न्हवं?” तिनं विचारलं.

विलासनं दोन्ही हात दाखवले; ढोलकी नव्हती, बेंजोही नव्हता.

“मग बस,” ती म्हणाली, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.