कानात सांगितलेला शब्द

पेडगावच्या रस्त्याला शेळ्या चारणाऱ्या मावशींच्या हातात कायम पुठ्ठा निखळलेली एक जुनी कादंबरी असते. अवघड शब्द अडला की मला थांबवून अर्थ विचारतात आणि तो विसरू नये म्हणून एखाद्या शेळीला नाव देऊन टाकतात. ढुशा मारणारा बोकड ‘उन्मत्त’. दारातच घुटमळणारी शेळी ‘संदिग्ध’.

परवा जन्मलेलं करडू उभंच राहीना. मी म्हणालो, “मावशी, हे काही जगत नाही.”

“कालच तुमी सांगितलं न्हवं, कशालाच हरत न्हाई त्यो दुर्दम्य? मंग ह्याचं नाव त्येच.”

बारशासारखं कानात कुर्र करून त्यांनी नाव सांगितलं आणि त्याचे पाय चोळत बसल्या.

आज करडू लटपटत उठलं, आईला लुचलं. हा शब्द मी शाळेपासून वाचत आलोय. उभा राहताना पहिल्यांदाच पाहिला.