आत्याचा बारावा e

आमच्या आत्याला फ्रेंच येत नव्हतं, असं घरात सगळेच म्हणतात. मी नाही म्हणणार. गेली सव्वीस वर्षं मी फ्रेंच शिकवते आहे, आणि आत्याने केली ती चूक भाषा थोडीतरी अंगात मुरल्याशिवाय कुणाला करताच येत नाही.

आत्या छापखान्यात खिळे जुळवायची. समोरच्या पेटीतल्या खणांतून शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि उलटं वाचत ओळ भरायची. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की बाबांनी टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र ती समोर बसून उलटंच वाचून टाकायची आणि बाबांच्या आधी बातमी सांगून त्यांचा विरस करायची. आजोबा गेले तेव्हा सातवीत तिची शाळा सुटली होती. छापखान्यात पहिली आठ वर्षं तिने मागच्या खोलीत छापील कागद दुमडण्यात घालवली. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तीही शेजारच्या भिंतीकडे उघडायची. मग एक जुळारी आजारी पडला आणि तिला पेटी मिळाली. ‘त्या दिवशी मी माणसात आले,’ असं ती सांगायची.

एकदा छापखान्यात एक निवृत्त मास्तर आले. जन्मभर त्यांनी फ्रेंच शिकवलं होतं आणि आता क्रियापदांचं पुस्तक काढायचं होतं. जांभळ्या शाईतलं हस्तलिखित, तिरकं अक्षर, आणि e असा आडवा झालेला की c वाटावा. मालकांनी ते काम आत्याला दिलं, कारण तिचं लावलेलं सहसा चुकत नसे.

पंधरा दिवसांत आत्याने मास्तरांना न विचारता नियम शोधून काढला. ‘मी’ला एक शेपटी, ‘तू’ला दुसरी, आणि ‘आम्ही’ला ons. मूळ शब्द घ्यायचा, मागचं er काढायचं, शेपटी लावायची. घरी भांडी विसळताना ती पुटपुटायची, ‘पार्लॉन्स, डोन्नॉन्स.’ उच्चार अर्थातच खिळ्यांबरहुकूम! आम्ही पोरं हसून लोळायचो. ती पाण्याचे हात आमच्यावर झटकायची, पण थांबायची नाही. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी ऐट असे, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मग आलं manger, म्हणजे खाणे. मूळ mang, शेपटी ons. हस्तलिखितात मात्र mangeons. मध्ये हा e कशाला? आत्याने ठरवलं, मास्तरांचा हात घसरला. त्यांना मोतीबिंदू होता, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. शिवाय फ्रेंचला e लागतात फार, खण तळाला गेला होता. तिने तो e गाळला. पुढे पोहणे, बदलणे, प्रवास करणे, सगळीकडे हाच प्रकार. तिने सगळीकडे दुरुस्ती करून टाकली.

त्याच आठवड्यात मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. त्यांनी निरोप पाठवला, ‘प्रूफ मला नको, बाई लावतात ते बरोबरच असतं.’ त्या पानांचा फर्मा छापून झाला. सहाशे प्रती.

मास्तर काळा चष्मा लावून आले, भिंग धरून पान बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, माझे जेवणारे तुम्ही मागायला लावलेत.’

आत्याला काही कळेना. त्यांनी समजावलं. ‘हा शब्द मांजों. आम्ही खातो. मधला e काढलात की तो मांगों होतो, हिंदीतल्या ‘मांगो’सारखा. त्या e चा स्वतःचा उच्चार नाही. तो बोलत नाही. पण त्याच्यामुळे शेजारचा g मऊ राहतो.’

‘मला वाटलं, तुमची चूक झाली.’

‘म्हणजे तुम्ही नुसतं बघून लावत नव्हता,’ मास्तर म्हणाले. ‘माझ्या वर्गात ही चूक करायला पोरांना वर्ष लागायचं.’

मालकांना यात कौतुक दिसलं नाही. ते म्हणाले, ‘बाई, सगळ्या प्रती हाताने दुरुस्त करा. आणि यानंतर या पुस्तकात एक जरी चूक सापडली, तरी पेटी सोडायची आणि मागच्या खोलीत बसायचं. कायमचं.’

त्या भीतीने आत्याचं जेवण तुटलं. अकरा ठिकाणी, सहाशे वेळा, बारीक टाकाने काळ्या शाईत तिने छापल्यासारखा उभा e भरला. तीन आठवडे लागले. पुस्तकं बांधून मास्तरांच्या घरी गेली. ती विकणार तेच होते. आत्या कित्येक महिने मालकांच्या पावलांचा अंदाज घेत काम करायची. पण कुठूनच तक्रार आली नाही. पुढे एकोणीस वर्षं, छापखाना बंद होईपर्यंत, ती पेटीसमोरच होती. मास्तर त्याआधीच वारले. पुस्तकाची प्रत मात्र तिने कधी घेतली नाही. ‘ते पान बघवणार नाही मला,’ म्हणायची.

गेल्या महिन्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ते पुस्तक सापडलं. आत कुणा अनोळखी विद्यार्थिनीचं नाव. मी ते आत्याकडे नेलं. ती आता त्र्याऐंशीची आहे. नको नको म्हणत तिने चष्मा पुसला आणि बोटाने मोजायला लागली. पहिला, दुसरा, करत अकरावा. ‘बघ, सरळ आहेत की नाही?’

मग तिचं बोट पान सेहेचाळीसच्या तळाशी गेलं. तिथे बारीक टाइपात एक तळटीप होती. बोट थांबलं.

‘हा माझा नाही.’

मी वाकून बघितलं. तळटिपेतल्या mangeonsमध्ये एक e वरून भरलेला होता. तिरका, जवळजवळ आडवा, जांभळा.

‘ही चूक राहिली होती माझ्याकडून,’ आत्या हळूच म्हणाली. ‘बारावी.’ मग म्हणाली, ‘या एकाच प्रतीत असेल का गं?’

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. तिथे दोन प्रती निघाल्या. दोन्हींत जांभळा e होता. तिथूनच आत्याला फोन लावला आणि सांगितलं.



‘डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं गं त्यांचं,’ ती म्हणाली. ‘सहाशे प्रती. त्यानंतर चार वर्षं छापखान्यात यायचे, माझ्यासमोर बसायचे. एका शब्दाने बोलले नाहीत.’