गोदामातला सूर्य

कुंदा गेल्याचं मला तुमसरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती, मी व्हरांड्यात पेपरांचे गठ्ठे बांधत होते, आणि हा माणूस तिकिटांची पेटी काखेत धरून फाटकातून आत आला. "बाई, राइस मिलवाल्या वहिनी सकाळी गेल्या. दिनकरभाऊनं तुमाले सांगा म्हटलं." मला आधी रडू आलं नाही, राग आला. काही दिवसांपूर्वी याच गाडीनं तिचा निरोप आला होता, की कावीळ झाली आहे, बिनतेलाचं खाऊन जीव विटला आहे, सुटी लागली की ये. मी सुटी लागायची वाट पाहत होते. आमच्या मैत्रीत भेटी सुटीच्या हिशेबानंच व्हायच्या, आणि हिशेब आजवर कधी चुकला नव्हता...

आम्ही दोघी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला एका बाकावर बसलो. ती पवनीकडच्या आसगावची, धान पिकवणाऱ्या घरातली. मी भंडाऱ्यातलीच, म्हणून उगीचच शहाणी. सत्तरीची पहिली वर्षं असतील. आमच्या फिजिक्सच्या सरांनी एक दिवस आवारात छोटी दुर्बीण मांडली आणि तिच्यातून सूर्य एका पांढऱ्या कागदावर पाडला. दुर्बिणीला डोळा लावाल तर आंधळ्या व्हाल, हे दहा वेळा बजावून. कागदावरच्या त्या उजळ चकतीवर दोन-तीन काळे ठिपके होते. मला वाटलं काचेवर धूळ असेल. मी पदरानं पुसायलाही निघाले होते. सरांनी सांगितलं, हे सूर्यावरचे डाग. तिथं चुंबकाचा जोर इतका असतो की खालची उष्णता वर येऊ शकत नाही, जागा थोडी थंड पडते आणि म्हणून काळी दिसते. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसे डाग एका काठावरून येतात, दुसऱ्या काठावरून जातात. एखादा मोठा, चिवट डाग पलीकडून फिरून दोनेक आठवड्यांनी पुन्हा उगवतोही. सगळ्या मुली माना डोलावून मोकळ्या झाल्या. कुंदानं विचारलं, "सर, गेलेला डाग परत आलेला तुमी सोता पायला का?" सर प्रामाणिक होते. म्हणाले, नाही बाई, पुस्तकात वाचलं. परत येताना ती मला म्हणाली, "मी पायीन." तिच्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एवढीच गोष्ट, असं मी आज शपथेवर सांगू शकते.

पुढे शिकायचं तर नागपूर, आणि नागपूर म्हणजे तिच्या वडिलांच्या लेखी विलायत. बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न तुमसरला, राइस मिलच्या घरात झालं. सासर वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण अशा लेखात सासरला झोडपायची आपल्याकडे पद्धत आहे. नवरा, दिनकरभाऊ, सज्जन माणूस. सासूबाई तोंडानं फटकळ पण मनानं मऊ. माणसांचा राबता मात्र असा, की चुलीवरचा चहा कधी उतरायचाच नाही.

सूर्य तिला गोदामात सापडला. घरामागे धानाचं मोठं गोदाम होतं आणि त्याच्या पूर्वेच्या उंच खिडकीच्या फळीला एक गाठीचं भोक होतं. एकोणऐंशी साली उन्हाळ्याच्या तोंडी, गोदाम रिकामं होत आलेलं असताना, ती पोत्यांचा अंदाज घ्यायला आत गेली आणि समोरच्या भिंतीवर तिला गोल कवडसा दिसला. कोंड्याची धूळ तरंगत होती, म्हणून खिडकीपासून भिंतीपर्यंत उन्हाची सरळ दांडीच दिसत होती. भोक वेडंवाकडं, पण कवडसा गोल, म्हणजे ते सूर्याचंच चित्र! दुसरी कोणी असती तर भोक बुजवायला सुताराला बोलावलं असतं. हिनं बाजारातल्या चष्मेवाल्याकडून पाव नंबरची काच आणली. तो म्हणाला, वहिनी, एवढ्या नंबराचा चष्मा कोणी घालत नाही. ती म्हणाली, मी खिडकीले घालून राहिली. ती काच फळीवर अडकवली, लग्नातला एक पाट उलटा करून त्याला पांढरा रंग दिला, आणि त्या पाटावर बत्ताशाएवढा सूर्य उतरवला. त्यावर डाग होते, खसखशीएवढे, स्पष्ट. सूर्य सरकत राहायचा, तसा ती पाट सरकवायची आणि रोज डागाच्या जागी पेन्सिलीचा ठिपका द्यायची. पाटाच्या कडेला एका बाजूला "उगवता" आणि दुसऱ्या बाजूला "मावळता" असं लिहून ठेवलं होतं. डाग पाटावरून पार झाला की ओल्या फडक्यानं ठिपके पुसायचे आणि नवा डाग धरायचा. पाट एकच होता ना.

पण माशी शिंकायची ती नेमकी शेवटी. दिवाळीनंतर नवं धान आलं की पोत्यांच्या थप्प्या खिडकीच्या वर जायच्या आणि सूर्य बंद. गोदाम रिकामं व्हायचं होळीच्या सुमारास, आणि मृगानंतर ढग. म्हणजे वर्षातले मोजके महिने हातात, आणि तेच महिने कुरडया-पापडांचे, लोणच्यांचे, लग्नांचे, माहेरवाशिणींचे. डाग मावळेपर्यंत ती कशीबशी पोचायची. मग वाट पाहण्याचे ते दोनेक आठवडे आणि तो परत येण्याची सकाळ... त्या सकाळी हमखास काहीतरी व्हायचंच. एका वर्षी नणंदेचं लग्न. पुढच्या वर्षी धाकट्याला गोवर. एकदा मी स्वतः तिथं होते. ती पाट काढत होती आणि सासूबाईंनी अंगणातून हाक मारली, "अवो, सूर्य का कोठी पळून चालला? आज नाही तं उद्या पाय. चीक मात्र उद्यालोक थांबत नाही." कुंदा हसली, पाट भिंतीला लावला आणि कुरडया घालायला बसली. त्याच सूर्याखाली! पुढचे दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं तोवर त्या बाजूनं आणखी डाग चढले, आणि मग उगवत्या काठाजवळ नेमकं काय आलं होतं हे कळायची सोय राहिली नाही.

त्या वाक्याचा मला अजून राग येतो, कारण ते खोटं नव्हतं. घरातला प्रत्येक जण ते मायेनं म्हणायचा आणि हळूहळू ती स्वतःही म्हणायला लागली. पोरं शाळेत जाऊ दे, सासूबाईंचं दुखणं निस्तरू दे, मोकळी झाली की पायीन. सासूबाई शेवटी दोन-अडीच वर्षं अंथरुणाला होत्या आणि हिनं त्यांचं सगळं केलं, तोंड वाकडं न करता. त्या काळातली एक संध्याकाळ मला आठवते. वीज गेली होती. कंदिलाची काच एका बाजूनं काजळली होती, आणि पोरांना गप्प बसवायला हिनं तो कंदील दोरीला टांगून गरगर फिरवला. भिंतीवरचा उजेड मंद व्हायचा, परत वाढायचा. पोरांना म्हणाली, दूरचे तारे नुसते टिंब दिसतेत, त्यायच्यावरचे डाग आपल्याले दिसत नाहीत. पण डागाची बाजू इकडं आली की ताऱ्याचा उजेड थोडासा उतरते, गेली की चढते. तो चढ-उतार किती दिवसांनी होते हे मोजलं की तारा किती दिवसात फिरते ते समजते. आणि त्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले की त्यात बारीक काळ्या रेघा असतेत. चुंबक जोराचं असलं की त्या रेघा फाटतेत. एवढ्या लांबून, हात न लावता! खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यायलेही काजळी धरते म्हणा की." कुंदा इतकी हसली, की कंदील विझला.

सासूबाई गेल्या, पोरं मोठी झाली, मिलमध्ये मुनीम आला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात कुंदा खरोखर मोकळी झाली. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. आम्ही दोघी गोदामात गेलो, तिनं काच पुसली, पाट धरला. सूर्य आला. गोल, स्वच्छ, कोरा. दुसऱ्या दिवशी कोरा, तिसऱ्या दिवशी कोरा. अकरा-एक वर्षांच्या फेऱ्यात सूर्यावरचे डाग वाढतात आणि ओसरतात, हे आम्ही दोघींनी परीक्षेत मार्कांसाठी लिहिलं होतं. आता ते पाटावर दिसत होतं. "पाय वो, कसा धुतल्यासारखा बसला आहे," ती म्हणाली. "मले मोकळं व्हाले अन् याले मोकळं व्हाले एकच टाइम सापडला." मला वाटलं ती रडेल. तिनं पाट भिंतीला लावला आणि माझ्यासाठी कैरीचं पन्हं करायला गेली. दिनकरभाऊंनी समजूत घातली, पुढं येतेतच ना ते परत. ती म्हणाली, "येतेत. मी कोठी जाऊन राहिली?"

आणि ते आलेही. गेल्या वर्षी तुरळक, यंदा भरभरून. होळीनंतर तिनं एक असा डाग धरला, की म्हणे मोहरीएवढा, सोबत पिल्लांची रांग. यंदा घरात लग्न नव्हतं, आजारी कोणी नव्हतं, आभाळ निरभ्र होतं. तो मध्यावर आला तेव्हाच तिचे डोळे पिवळे व्हायला लागले होते, तरी तो मावळेपर्यंत तिनं रोज ठिपका दिला. तिनं दिनकरभाऊंना सांगितलं होतं, यावेळी पाट पुसू नका, ठिपके राहू द्या, तो आला की पडताळून पाहते. आजारात ती दिवस मोजायची, ते लोकांना औषधाचे वाटायचे.

तेरवीला मी गेले. रात्री तिथंच राहिले आणि सकाळी दिनकरभाऊ मला म्हणाले, चला, तिचं गोदाम पाहून घ्या. आत गेलो. काच तिच्या जागी होती. पाटही होता, पण शुभ्र. सुतक फिटताना घर धुतलं जातं, तसं तिच्या नणंदेनं सगळं घर धुतलं होतं. वहिनीचा पाट म्हणून तो खास राखेनं घासला होता, डोळे पुसत पुसत. ठिपके गेले होते, "उगवता" आणि "मावळता"सुद्धा पुसट झाले होते. तिला कोण काय बोलणार? दिनकरभाऊंनी पाट उचलला आणि कवडशात धरला. उगवत्या काठाजवळ एक काळा डाग होता. चांगला मोठा, काठामुळे चपटा दिसणारा, मागं दोन पिल्लं.

"हा तोच का वो, बाई?"

मी म्हटलं, तो ज्या उंचीवरून गेला, त्याच उंचीवर हा असेल तर तोच. तुम्ही पाहिला होता का, कुठून गेला?

"नाही. ती रोज बोलवे. मी म्हणो, उद्या येतो..."

सूर्य हळूहळू पाटाच्या कडेला आला आणि खाली जमिनीवर उतरला. पाट सरकवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.